मागच्या काचेवरची वाफ

१

व्हर्लिन स्टोल्ट्झच्या गॅरेजात काळ्या रंगाच्या सात बाटल्या होत्या, आणि त्यातली एकही काळी नव्हती. एक करडी, एक तपकिरीकडे झुकलेली, एक निळसर, एक जुन्या टायरसारखी, एक तव्यासारखी, आणि दोन अशा की त्यांच्यातला फरक फक्त व्हर्लिनला दिसायचा, तोही चष्मा लावून. आठवी बाटली होती खरी काळीकुट्ट. ती खिळ्यांच्या डब्यामागे लपवलेली होती. काही घरांत दारू ठेवतात, तशी.

लपवायचं कारण ड्वेन रुकमन. गावातल्या लायब्ररीच्या तळघरात महिन्यातून एका शनिवारी सकाळी विमानांचे छोटे नमुने बनवणारे अकरा म्हातारे जमतात, डोनट खातात आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवतात. ड्वेन त्यांचा मुख्य. छातीच्या खिशात पेनाएवढी बॅटरी घेऊन फिरतो, बायकोच्या वाढदिवसालासुद्धा. तो गेली एकोणीस वर्षं एकच वाक्य बोलतोय, "निव्वळ काळा म्हणजे भोक, मंडळी. बाटलीतला काळा लावलात तर विमान दिसत नाही, विमानाच्या आकाराचं भोक दिसतं."

म्हणणं खरं होतं, हीच तर चीड होती. खरं काळं विमान लांबून बघितलं की मधल्या हवेने थोडं फिकं दिसतं. वरून उन्हाने विटतं, पोटाला तेलाने चकाकतं, माणसं चढतात तिथे बुटांनी घासून आतला पत्रा डोकावतो. हे सगळं हातभर पंखांच्या विमानावर आणायचं म्हणजे आधी चकचकीत थर, मग एअरब्रशने दोऱ्याएवढ्या रेषांनी डाग डाग, मग त्यावर पातळसा एक थर, आणि खालचे डाग असे दिसले पाहिजेत की आहेत असं वाटावं पण बोट ठेवून दाखवता येऊ नयेत.

व्हर्लिनने चाळीस वर्षं ट्रॅक्टर रंगवले होते. एक ट्रॅक्टर दीड दिवसात. हे विमान त्याने नोव्हेंबरात, थॅंक्सगिव्हिंगला, हातात घेतलं होतं आणि आता फेब्रुवारी संपत आला होता.

"अजून काळंच आहे का रे?" नोरीन रोज सकाळी दारातून विचारायची. ती त्याची बायको, सेहेचाळीस वर्षांची जुनी.

"काळं कधीच नव्हतं."

"मला तर बाई काळंच दिसतं."

"म्हणून तू डोनट आणतेस आणि मी परीक्षकांसमोर उभा राहतो."

"आणि तिसरा नंबर घेऊन येतोस," असं म्हणून ती दार लावून घ्यायची. गार हवा आत येते ना.

पण हे विमान नंबरासाठी नव्हतंच. म्हणजे, होतं थोडंसं. मार्चच्या पहिल्या शनिवारी स्पर्धा होती, आणि व्हर्लिन काही संत नव्हता. पण खरं ते होतं सोलबर्गबाईंसाठी. आणि सोलबर्गबाईंच्या डोळ्यांना स्पर्धेच्या तारखा माहीत नव्हत्या.

२

लव्होन सोलबर्ग. वय एकोणनव्वद. व्हर्लिनला तिसरीत शिकवायला होत्या, आणि त्यांनी त्याला त्या वर्गात दोनदा बसवलं होतं. एकाहत्तर वर्षांचा झाला तरी त्यांच्या खोलीत शिरताना तो टोपी काढायचा आणि नखं तपासायचा.

बाई आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होत्या, तळमजल्यावर, चाकाच्या खुर्चीत. तिथे दारातच ट्रूडी बसते आणि तिच्यासमोर एक वही. नाव, कोणाकडे, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. ही वही चुकवून माशीसुद्धा आत जात नाही.

"आग लागली तर आत किती माणसं आहेत ते मला मोजता आलं पाहिजे," ट्रूडी म्हणायची.

व्हर्लिन मुद्दाम नावाच्या रकान्यात 'सांताक्लॉज' लिहायचा. ट्रूडी खोडायची आणि त्याच्या देखत खरं नाव लिहून घ्यायची. दर आठवड्याला. दोघांनाही त्याशिवाय करमत नसावं.

बाईंच्या डोळ्यांच्या मधोमध एक काळा डाग पडला होता आणि तो पसरत होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं. म्हणून त्या माणसाशी बोलताना तोंड खिडकीकडे करायच्या आणि तुम्हाला कोपऱ्यातून टिपायच्या. वर्गातही त्या तशाच बघायच्या, असं व्हर्लिनचं मत. फळ्याकडे तोंड, आणि मागच्या बाकावर काय चाललंय ते सगळं माहीत.

"डॉक्टर म्हणतो, वसंतापर्यंत कडाही जातील," त्या नोव्हेंबरात म्हणाल्या होत्या. "त्याआधी मला ऑरिनचं विमान बघायचंय. फोटोत नाही. फोटोत ते सपाट आहे. तुला जमेल का? तुझं हस्ताक्षर तर भयंकर होतं."

"रंगात अक्षर लागत नाही, बाई."

"बघू."

ऑरिन त्यांचा भाऊ. रात्री लढणाऱ्या काळ्या विमानात मागच्या टोकाला बसायचा, शेपटीकडे तोंड करून, काचेच्या घुमटीत, एकटा. पुढे वैमानिक आणि तोफवाला, मागे हा आणि त्याचा रडारचा डबा. एकोणीसशे पंचेचाळीसच्या मार्चमध्ये ते विमान पॅसिफिकमधल्या एका बेटावरून उडालं आणि परत आलं नाही. तो एकवीसचा होता, बाई चौदाच्या. मागे उरला एक फोटो. पांढऱ्या वाळूत उभं काळं विमान आणि शेपटीजवळ टोपी घातलेला एक पोरगा. टोपीच्या सावलीत तोंड दिसत नाही.

"मागच्या सीटवर त्याचा पुतळा बसवू का? बारीक मिळतात, अर्ध्या बोटाएवढे," व्हर्लिनने विचारलं होतं.

बाईंनी मान वळवून त्याला कोपऱ्यातून बघितलं.

"तो काही प्लॅस्टिकचा नव्हता. जागा रिकामी ठेव."

३

जागा रिकामी ठेवली. पण इथे व्हर्लिनने एक लबाडी केली. केली म्हणजे केली.

पुढची कॅबिन त्याने मन लावून रंगवली. डायल, पट्टे, पेडलावरची झीज. मागची कॅबिन मात्र घुमटीच्या आत खोल, अंधारी. तिथे सीट बसवली आणि तो कंटाळला. जानेवारीचा तिसरा आठवडा, गॅरेजात हीटर लावूनही बोटं आखडलेली, बाहेर बर्फ गुडघाभर. त्याने खिळ्यांच्या डब्यामागून आठवी बाटली काढली आणि आतून सरळ एक हात मारला. बाटलीतला निव्वळ काळा, एक थर, सीट, भिंती, जमीन, सगळं एकच.

'ड्वेनच्या बॅटरीच्या बापालाही कळणार नाही,' तो मनाशी म्हणाला.

मग पोटाखालचं छोटं दार चिकटवून टाकलं, शिवण दिसू नये म्हणून लांबी भरली, घासली, त्यावर रंग चढवला. मागच्या माणसाला चढायउतरायचं तेवढंच दार. घुमटीची काच साध्या पांढऱ्या डिंकाने बसवली. सुपरग्लू काचेजवळ न्यायचा नाही हे या धंद्यातलं बाळसुद्धा जाणतं. त्याची वाफ आतून काचेला धरते आणि जन्मात निघत नाही.

आणि बाहेरचा काळा? अहाहा. पंखांवर उन्हाने विटलेला, नाकावर जरासा निळा, इंजिनांच्या मागे धुराचा राखी पट्टा, चाकांना पांढऱ्या वाळूची खडूची पूड. व्हर्लिनने मोबाइलवर कृष्णधवल फोटो घेतला आणि बाईंच्या फोटोशेजारी धरला.  मग बायकोला हाक मारली.

नोरीनने दोन्ही बघितले. चिडवायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"हे तर उभंय," ती म्हणाली.

सेहेचाळीस वर्षांत एवढं कौतुक त्याला मिळालं नव्हतं.

४

फेब्रुवारीच्या बैठकीत व्हर्लिनने विमान टेबलावर ठेवलं तेव्हा बाकीच्या म्हाताऱ्यांची चघळणारी तोंडं थांबली. ड्वेनने चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला, बॅटरी काढली, आणि नाकापासून सुरुवात केली.

"हं," तो म्हणाला. ड्वेनचं 'हं' म्हणजे इतरांच्या टाळ्या. पंखावर, "हं." इंजिनावर, "हं, हं." शेपटीशी आला, बॅटरी घुमटीत मारली, आणि त्याचं तोंड असं खुललं, जशी काय याला लॉटरी लागली.

"सुपरग्लू! अरे गाढवा, काचेला सुपरग्लू लावलास?"

"नाही लावला."

"मग ही वाफ काय माझ्या आजीची? आतून सगळी काच धुरकटलीय. बघा रे, तीन महिने राबला आणि शेवटच्या काचेला माती खाल्ली!"

सगळ्यांनी बघितलं. घुमटीच्या आत पांढुरकी वाफ होती. थंडीत गाडीच्या काचेवर जमते तशी.

"डिंक वापरला होता मी," व्हर्लिन म्हणाला.

"डिंकाची वाफ होत नाही."

"ते मलाही ठाऊक आहे."

"मग सुपरग्लूच. आता ती काच फोडून काढल्याशिवाय जात नाही. आणि फोडलीस की आजूबाजूचा रंग गेला." ड्वेनने त्याच्या खांद्यावर थोपटलं. खरंच वाईट वाटलं होतं त्याला. दु:ख करतानाही तो डोनट चघळत होता, एवढंच. "तिसरा नंबर तरी मिळेल."

५

घरी आणलं तोवर काच लख्ख होती.

व्हर्लिनने दिव्याखाली धरलं, वरून, खालून, भिंगातून. आत सीट, काळोख, बाकी काही नाही. तो हसला. लायब्ररीच्या तळघरात हीटर धगधगतो, बाहेर उणे दहा. कुठून तरी दमट हवा आत गेली असणार, तीच धरली. झालं. ड्वेनला फोन करून जिरवायला पाहिजे. सुपरग्लूची वाफ जात नाही, आणि ही गेली.

फोनपर्यंत हात गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हीच तर भानगड आहे. काच डिंकाने बंद. दार लांबीने बंद. दमट हवा आत गेली कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून तो गॅरेजात गेला. वाफ परत आली होती.

तो स्टुलावर बसून बघत राहिला. गॅरेज म्हणजे काय, साधीच जागा. भिंतीवर पाने-हातोडे टांगलेले, कोपऱ्यात नोरीनचा डीप फ्रीझर घुरघुरतोय, पत्र्याच्या दाराखालून उजेडाची एक पट्टी. अशा जागी माणसाला भीती वाटायचं काही कारण नाही. पण वाफ वाढत होती आणि कमी होत होती. वाढली, कमी झाली. वाढली. व्हर्लिनने आपल्या छातीवर हात ठेवला. त्याच्या श्वासाशी तिचा मेळ नव्हता. ती जरा भरभर होती.

त्याने फ्रीझरची वायर काढली. एअरब्रशचा कंप्रेसर आधीच बंद होता. हीटरही बंद केला. आता गॅरेजात काहीच वाजायचं कारण उरलं नव्हतं.

टिक, टिक, टिक.

पत्रा निवताना वाजतो, तो म्हणाला. मोठ्यानेच म्हणाला. विमान तर प्लॅस्टिकचं होतं, पण हीटर पत्र्याचा होता ना. त्याने विमान अलगद उचललं, एक तळवा पोटाखाली घालून. टिक टिक टिक. आता आवाज कानाला आला नाही. तळव्याला आला.

त्याने ते फार जपून खाली ठेवलं, घरात गेला आणि नोरीनसमोर बसला.

"फ्रीझर का बंद केलास? माझी कोंबडी आहे त्यात."

"चुकून."

"तोंड बघ तुझं. पांढरा प्रायमर मारल्यासारखं."

६

हा ड्वेनचा चावटपणा असणार, असं तिसऱ्या दिवशी व्हर्लिनने ठरवलं. कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी व्हर्लिनने ड्वेनच्या बक्षीसवाल्या विमानाच्या कॅबिनमध्ये प्लॅस्टिकची माशी सोडली होती, आणि परीक्षकांना ती दिसेपर्यंत गप्प बसला होता. त्याने ड्वेनला फोन लावला.

"ड्वेन, खरं सांग. बैठकीत हात लावलास का माझ्या विमानाला?"

"परक्याच्या विमानाला मी हात लावीन? मी काय तू आहे?"

"आत काही घातलंस? बॅटरीवर चालणारं वगैरे?"

ड्वेनने आवाज खाली आणला. "व्हर्लिन, त्या दिवशी एक गोष्ट बोललो नाही मी. तू म्हणशील म्हातारा झाला."

"तू झालाच आहेस. बोल."

"मी बॅटरी मारली ना, तेव्हा वाफेवर बाहेरून उजेड पडला. आणि आतून कुणीतरी डोळ्यांवर हात धरावा तशी सावली झाली. उजेड डोळ्यांत गेला की धरतो तशी."  मग, "निव्वळ काळा वापरलास का आत?"

व्हर्लिन खोकला.

"वापरलास," ड्वेन म्हणाला. "तरी मी एकोणीस वर्षं सांगतोय," आणि त्याने फोन ठेवला. चिडून नाही. घाबरून.

त्या दुपारी नोरीन स्वतःहून गॅरेजात आली. हातात तिचं भरतकामाचं भिंग. व्हर्लिनने तिला काही सांगितलं नव्हतं, पण कोंबडी वितळली की ती तपास लावतेच.

वाफ होती. तिने भिंग धरलं आणि वाकली.

"भोकं आहेत हिच्यात," ती म्हणाली.

"कशात?"

"वाफेत. कुणीतरी पुसून केल्यासारखी. दोन. गोल." ती अजून वाकली. "खसखशीएवढी. एक वर आहे. आणि एक जरा खाली."

"वाफेचे थेंब ओघळले असतील."

"ओघळ लांब असतो. ही गोल आहेत, व्हर्लिन. आणि वरचं..."

ती थांबली. भिंग खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले, आणि ओट्यावरचा टॉवेल आणून विमानावर टाकला. पिंजरा झाकतात तसा.

"वरचं काय?"

"मगाशी त्यातून सीट दिसत होती. आता आतून काहीतरी काळं टेकलंय."

तिने टॉवेलची टोकं खाली खोचली.

"बाईंना हे द्यायचं नाही," नोरीन म्हणाली. "नवीन बनव."

"तीन महिने लागतात."

"लागू दे."

व्हर्लिनला ते पटलं, एवढं की त्याने गुरुवारी सुरी काढली. काच उपटून आत बघायचं, पुसायचं, काय असेल ते असो, रंग गेला तर गेला. सुरीचं टोक शिवणीला लावलं. टिकटिक थांबली. एकदम, अशी थांबली की ऐकणाऱ्याने श्वास धरावा. अंधारात कुणीतरी दार उघडायची वाट बघतंय आणि आलेला आपला की परका हे त्याला ठाऊक नाही.

सुरी धरलेला त्याचा हात तसाच राहिला, आणि घरातला फोन वाजला.

ट्रूडी होती. एरवी ती फोन करत नाही. "सोलबर्गबाई सकाळपासून मला दुसरीच कुणी समजून ताई म्हणतायत. मी दिसत नाही त्यांना. डावीकडची थोडीशी कड उरलीय म्हणे. त्या तुझं विमान विचारतायत. आणायचं असेल तर आण बाबा, वसंताची वाट नको बघूस."

७

शुक्रवारी दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी व्हर्लिनने वहीत आपलं खरं नाव लिहिलं. ट्रूडीने चमकून वर बघितलं.

"बरं नाही का तुला?"

त्याच्या हातात केकचा खोका होता, दोन्ही हातांनी धरलेला. खोक्याच्या तळाशी, तळव्यांना, टिक टिक टिक.

बाई खिडकीशी बसल्या होत्या. खोलीत हीटर तापलेला, बाहेर बर्फ, त्यामुळे खिडकीची काच घामेजून पांढरी. त्याने विमान त्यांच्या मांडीवरच्या टेबलावर ठेवलं, पांढऱ्या रुमालावर. मनात वाक्य तयार होतं. 'बाई, काचेत थोडा दोष राहिलाय, मी दुरुस्त करून आणतो.' तिसरीत गृहपाठ विसरला की असंच वाक्य तयार असायचं.

बाईंनी तोंड उजवीकडे फिरवलं, पार खिडकीकडे, आणि डाव्या डोळ्याच्या डाव्या कोपऱ्यातून बघितलं. कितीतरी वेळ.

"काळं नाहीये," त्या म्हणाल्या.

"नाही, बाई."

"ऑरिनने पत्रात लिहिलं होतं. सगळे म्हणतात काळं, पण लव्ही, हे आपल्या स्वैपाकघरातल्या जुन्या शेगडीच्या रंगाचं आहे." त्यांची बोटं पंखावरून गेली, घासलेल्या जागी थांबली, शेपटीकडे आली.  बोटं काचेवर थांबली.

"हे धुरकट आहे."

"दोष आहे, बाई. मी..."

"गप्प बस. दोन भोकं आहेत का यात?"

 व्हर्लिनने खिशातून नोरीनचं भिंग काढलं, पण बघायची गरज नव्हती. "आहेत."

"एक वर, एक खाली."

"हो."

"खालचं माझं," बाई म्हणाल्या. "हिवाळ्यात स्वैपाकघराच्या खिडकीवर आतून बर्फ धरायचं. बाबा गोठ्यातून कधी येतात बघायला ऑरिन अंगठा दाबून भोक पाडायचा. अंगठा बधिर होईपर्यंत दाबायचा. मग दुसरं, खाली, माझ्या उंचीला. न विसरता." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. फळ्यावर गणित मांडावं तसा. "व्हर्लिन, यातून तो उतरतो कुठून?"

"उतरतो?"

"दार. त्याचं दार कुठंय?"

"पोटाखाली. ते... बंद केलंय मी. चिकटवून. शिवण दिसते ना, बाई, स्पर्धेत मार्क कापतात."

बाईंनी मान वळवली नाही. तरी व्हर्लिनला मागच्या बाकावर बसल्यासारखं झालं.

"पंच्याहत्तर वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आणि तू दार चिकटवलंस."

त्याने विमान उलटं केलं. आयुष्यात इतका सुंदर काळा त्याने कधी केला नव्हता, आणि पोटाचा तर उत्तम, तेलकट, खोल. त्याने खिशातली सुरी काढून टेकवली. आतून टिकटिक नव्हती. सुरीच्या टोकाशी कुणीतरी अगदी जवळ येऊन थांबल्यासारखं होतं. त्याने कापलं. लांबीची पांढरी पूड रुमालावर पडली, रंगाचे तुकडे उडाले, तीन महिन्यांचं काम गेलं. चौथी कड तुटली आणि दार सुटून पडलं.

गार वारा आला. कुठून आला ते व्हर्लिन आजही सांगू शकत नाही. एवढ्याशा चौकोनातून एवढा वारा येत नाही. त्याला समुद्राचा, पेट्रोलचा आणि कुणीतरी फार दिवस अंगात घातलेल्या चामडी जाकिटाचा वास होता. मग त्याच्या मागे, दाराजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीचा वेत करकरला. माणूस बसतो तेव्हा करकरतो तेवढाच.

व्हर्लिनने मागे बघितलं नाही. शूर नव्हता तो, रंगारी होता.

बाईंचं तोंड परत खिडकीकडे वळलं. म्हणजे डावा कोपरा खुर्चीकडे. हळूहळू त्यांचा चेहरा चौदा वर्षांचा झाला.

"टोपी काढ," त्या म्हणाल्या. "घरात आहेस."

व्हर्लिनने डोक्याला हात लावला. त्याची टोपी केव्हाच खिशात होती.

८

"हे घेऊन जा," बाई हळूच म्हणाल्या. खिडकीकडेच बघत, ओठ फारसे न हलवता. "विमान. खोक्यात घाल, झाक. त्याला दिसलं तर परत ड्यूटीवर जाईल. तसा आहे तो. जा लवकर."

"बाई, तुम्हाला ठेवायचं होतं ना..."

"मला विमान कशाला हवं होतं, मूर्खा?"

व्हर्लिनने खोका उचलला. खुर्चीच्या बाजूने जायचं होतं. तो भिंतीला पाठ लावून, डोळे खोक्यावर ठेवून, आडवा आडवा सरकला. "येतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, देव जाणे. ट्रूडीसमोरून वहीकडे न बघता थेट बाहेर.

पार्किंगमध्ये उजेड डोळ्यांवर आला. पिकअपच्या सीटवर त्याने खोका उघडला. घुमटी लख्ख. पोटाला चौकोनी भोक, फाटक्या कडांचं. त्यातून त्याने आत बघितलं. निव्वळ काळा, बाटलीतला, एक थर. आत कुणी नव्हतं. स्पर्धेत याला तिसरा नंबरही नव्हता.

मग त्याने मागे वळून बघितलं.

बाईंची खिडकी तळमजल्यावर, तिसरी. काच आतून पांढरी. आणि त्या पांढऱ्यात दोन गोल भोकं होती, अंगठ्याने पाडल्यासारखी. एक खाली, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या उंचीला. त्यातून बाईंचा डावा डोळा बाहेरचा बर्फ बघत होता, गोठ्याच्या वाटेकडे बघावं तसा.

दुसरं वर होतं, चांगल्या उंच माणसाला येईल एवढ्यावर. व्हर्लिनने तिकडे बघितलं की नाही हे त्याने नोरीनलाही सांगितलेलं नाही. एवढंच की त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"व्हर्लिन स्टोल्ट्झ!" ट्रूडी दारात उभी, स्वेटर आवळून. "सही कोण करणार? तुझा बाप?"

तो परत गेला. वहीत आपल्या नावापुढे गेल्याची वेळ लिहिली, तीन वाजून पाच. पेन ठेवलं. परत उचललं. खालच्या ओळीवर, तिसरीत दोनदा बसूनही न सुधारलेल्या अक्षरात, शक्य तेवढं नीट लिहिलं. ऑरिन सोलबर्ग. लव्होन सोलबर्गकडे. आल्याची वेळ, दोन वाजून पन्नास. शेवटचा रकाना त्याने मोकळा सोडला.

ट्रूडीने पेन उचललं, खोडायला. "परत तुझं सुरू झालं. हा कोण आता?"

"राहू दे, ट्रूडी."

त्याचा आवाज ऐकून ती थांबली. बाईंच्या खोलीतून हसू येत होतं. बाईंचं. आणि थोडं मागून, दुसरं.

"आग लागली," व्हर्लिन म्हणाला, "तर मोजताना एक कमी पडायला नको."